तापातही गोळी चुकवू नकोस

प्रिय दिनू,

काल फोनवर तू सहज बोलून गेलास, "ताप आहे, अन्न जात नाही, म्हणून हार्टच्या गोळ्या दोन दिवस बंद ठेवल्यात." फोन ठेवला आणि लगेच वहिनींना लावला. त्यांनी तुझ्या डॉक्टरांना विचारून रात्रीच गोळ्या सुरू केल्या, हे कळलं तेव्हा जिवात जीव आला. आता पडल्या पडल्या हे वाच.

माझ्या थोरल्या भावाचं तुला मोघम माहीत आहे. स्टेंट बसवून तीन महिने झाले होते, फ्लू झाला. रिकाम्या पोटी गोळ्यांनी जळजळते म्हणून त्याने चार दिवस त्या घेतल्याच नाहीत. पाचव्या पहाटे घामाने थबथबला, छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं झालं. अँजिओग्राफीत दिसलं, गुठळी नेमकी स्टेंटच्या आत होती. दादा वाचला, पण हृदयाचं पंपिंग कमी झालं ते झालंच. आज एक जिना चढताना तो मध्ये थांबतो. मला ते बघवत नाही.

स्टेंट म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या बारीक पेशी, तिला परकी समजून चिकटायला बघतात. तुझ्या गोळ्या, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, त्यांनाच आवरून धरतात. तुझ्या स्टेंटला जेमतेम पाच महिने होतायत, दिनू! त्यात विषाणूचा ताप आला की वाहिन्यांचं अस्तर सुजतं, प्लेटलेट्स चिकट होतात, घाम-उलट्यांनी पाणी कमी होऊन रक्त दाटतं. म्हणजे गोळ्यांची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच आपण त्या सोडतो. कॅनडातल्या ऑन्टारिओमधला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. तपासणीत फ्लू निघाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका एरवीच्या सुमारे सहापट दिसला. ते सगळे काही स्टेंटवाले नव्हते, तरी एवढा.

अंग दुखतं म्हणून घरातली आयब्युप्रोफेन घेऊ नकोस. प्लेटलेटवर ॲस्पिरिनला जिथे बसायचं असतं, ती जागाच ती अडवते, शिवाय पोटात रक्तस्रावाची भीती. तापाला पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच.

एक मात्र विसरू नकोस. पावसाचे दिवस आहेत, डेंग्यूची तपासणी आणि प्लेटलेट काउंट आजच करून घे. डेंग्यूत प्लेटलेट्स घसरल्या तर याच गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. मग काय थांबवायचं, काय चालू ठेवायचं, ते तुझे हृदयाचे डॉक्टर ठरवतील. तू नाही, मी नाही, शेजारचे काका तर नाहीतच. हिरड्यांतून रक्त आलं, शौचाला काळं झालं तर लगेच त्यांना कळव. छातीत दडपलं किंवा घाम फुटला, तर ॲसिडिटी म्हणत बसू नकोस, 108 ला फोन कर. बरा झालास की फ्लूच्या लसीचंही विचार.

पेज, ताक, काहीही घोट-घोट पोटात जाऊ दे. डॉक्टरांनी पाण्याचं प्रमाण बांधून दिलं असेल तर तेवढंच.

रात्री वहिनींनी गोळी दिली की मला नुसतं 'घेतली' एवढं लिहून पाठव. मी जागा असेन.

तुझा,
सुधा