स्कॉटलंडची जनगणना आणि आपली

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी ग्लासगोत राहतो, तुमचा पेपर रोज ऑनलाइन वाचतो. आपल्याकडच्या २०२७ च्या जनगणनेत लोकांनी मोबाईलवरून स्वतःच माहिती भरायची सोय असणारे म्हणे, म्हणून इथला किस्सा सांगावासा वाटला.

इंग्लंड-वेल्सनी २०२१ मध्ये ठरल्याप्रमाणे जनगणना उरकली, ९७ टक्के घरांनी फॉर्म भरले. स्कॉटलंडनी मात्र कोविडचं कारण देऊन ती २०२२ वर ढकलली, आणि १ मे ची मुदत जवळ आली तरी पाचातल्या एकाहून जास्त घरं बाकीच! मग महिनाभर मुदतवाढ, तरी गाडी ८९ च्या आसपासच अडली, टार्गेट होतं ९४. फॉर्म न भरल्यास हजार पौंडापर्यंत दंड, त्यालाही लोक बधले नाहीत.

स्कॉटलंड सरकारातले मंत्री अँगस रॉबर्टसन यांना एडिनबराच्या संसदेत याची उत्तरं द्यावी लागली, समितीनेही अधिकाऱ्यांना बोलावून विचारलं, की पुढे ढकललं म्हणून हे झालं का, खर्च किती वाढला वगैरे. मला विचाराल तर खरी गोची पत्रातच होती. घरी कागदी फॉर्म येत नव्हता, नुसता ऑनलाइन फॉर्म भरायचा कोड असलेलं पत्र, फॉर्म हवा तर मागून घ्या. आमच्या जिन्यात तसली दोन-तीन पाकिटं पिझ्झाच्या जाहिरातींखाली कितीतरी दिवस तशीच पडून होती, माझंही त्यातच होतं (बायकोने शोधलं).

आपल्याकडे निदान प्रगणक दारात येतो, बेल वाजवतो. आपली तर २०२१ चीच राहिलेली, तिला झालेल्या उशिराबद्दल आपल्या संसदेत असं कुणाला समोर बसवून विचारणार का?

– एक वाचक, ग्लासगो