रात्रीची मुंबई, तुम्हा दोघांसाठी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

डिसेंबरात तुम्ही दोघंच मुंबईला जाऊन रात्रीचं शहर पाहणार, हे ऐकून फार बरं वाटलं. नक्की जा. फोनवर सांगितलेलं अर्धं राहून जातं, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते. पत्र दोघांनीही वाचा. एकाला सगळं ठाऊक आणि दुसरा नुसता मागे चालतोय, असं रात्रीच्या वेळी चालत नाही.

तुमच्या वयाला मुंबई मानवते ती रात्री आठ ते बारा. ऊन नसतं, ऑफिसची गर्दी ओसरलेली असते, फोर्टातले फुटपाथ फेरीवाले उठल्यामुळे मोकळे झालेले असतात. चोराचिलटांची भीती तुम्हाला आख्खं जुळे सोलापूर घालेल. सावध राहायला हरकत नाही, पण माझी काळजी वेगळी आहे: पायऱ्या, लघवीची सोय, शेवटची गाडी आणि एकमेकांची चुकामूक. या चार गोष्टी सांभाळल्या की बाकी मुंबई सांभाळून घेते.

जाताना सिद्धेश्वर एक्स्प्रेसपेक्षा वंदे भारत घ्या. सिद्धेश्वर पहाटे उतरवते, खोली मिळेपर्यंत ताटकळावं लागतं आणि रात्री बाहेर पडायची वेळ येते तेव्हा अंगात त्राण उरत नाही. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास सीएसएमटीला पोचवते. जेवून दोन तास झोपता येतं, आणि ही झोप चुकवायची नाही. गाडी आठवड्यातून एक दिवस नसते, त्यामुळे वार पाहून तिकीट काढा. शनिवार-रविवारची रात्र टाळा, मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसायला जागा मिळत नाही.

लॉज सीएसएमटीच्या फोर्टाकडच्या बाजूला घ्या. फोनवर तीन गोष्टी विचारा: लिफ्ट रात्रभर चालू असते का, खालचं शटर किती वाजता ओढतात, आणि संडास कमोडचा आहे का. जुन्या इमारतीतल्या लॉजमध्ये बाराला शटर ओढून राखणदार झोपतो. त्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

जेवण साडेसातला उरका, म्हणजे बाबांच्या साखरेच्या गोळीची वेळ चुकणार नाही. आठला निघा. सुरुवात स्टेशनपासूनच करा, पण समोरच्या फुटपाथवरून. इमारत 1887 साली पुरी झाली, आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, आणि 2004 पासून ती जागतिक वारसा आहे. रात्री दिवे सोडले की दिवसा न दिसणारं कोरीवकाम उठून येतं. घुमटावर उभी आहे ती प्रगतीची मूर्ती. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ: सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, 1893 ची. दोन्ही एकाच जागेवरून दिसतात, त्यामुळे वीस मिनिटं इथेच द्या. रस्ता ओलांडायचा तो सिग्नललाच. रिकामा रस्ता पाहून गाड्या भरधाव येतात आणि लांबून दिव्यांवरून वेगाचा अंदाज येत नाही.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ दक्षिणेकडे हुतात्मा चौकापर्यंत चाला. साधारण एक किलोमीटर, तुमच्या चालीने अर्धा तास. दोन्ही बाजूंना इमारतींखाली कमानींची ओसरी आहे, तिच्यातून चालता येतं. मात्र दर इमारतीला फरशीची उंची बदलते, कुठे एक पायरी वर, कुठे अर्धी खाली, आणि मधे माणसं झोपलेली असतात. बॅटरी हातात धरा. मोबाइलची नको, त्याचं चार्जिंग परतीसाठी लागणार आहे. आईने चपला घालू नयेत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट घालावेत.

हुतात्मा चौकात कारंजं आहे 1864 चं, आणि शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार. 21 नोव्हेंबर 1955 ला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर इथे गोळीबार झाला. बाबा, 12 जानेवारीला आपल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालायला तुम्ही जाता. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना 1931 साली फाशी झाली ती परक्या सरकारच्या राज्यात. इथली माणसं पडली ती स्वराज्य आल्यानंतर आठ वर्षांनी. दिवसा वाहनांच्या गोंगाटात इथे उभंच राहता येत नाही. रात्री नऊला मात्र निवांत उभं राहून पाहता येतं. माझ्या मते सगळ्या फेरीत थांबण्यासारखी जागा ती हीच.

इथून टॅक्सी करा. काळी-पिवळीचं कमीत कमी भाडं 31 रुपये, दीड किलोमीटरपर्यंत. बारा ते पहाटे पाच या वेळात पंचवीस टक्के जास्त, म्हणजे मीटरवर 100 दिसले तर 125 द्यायचे. त्याहून जास्त मागितले तर उतरून दुसरी पाहा. जवळचं भाडं बरेच जण नाकारतात. ‘गेटवे, तिथे थोडं थांबून पुढे मरीन ड्राइव्ह’ असं सांगितलं की तयार होतात. सोलापूरच्या सवयीने रिक्षा शोधू नका, माहीम आणि सायनच्या खाली रिक्षाला परवानगीच नाही. अ‍ॅपवरून गाडी मागवली तर पाटीचा नंबर जुळवून मगच बसा आणि तो नंबर मला पाठवा.

गेटवेला तपासणी असते, पिशवी जितकी लहान तितकं बरं. तिथे पंधरा मिनिटं पुरेत. कमान 1924 साली खुली झाली, आणि 28 फेब्रुवारी 1948 ला इंग्रजांची शेवटची पलटण हिच्यातूनच बोटीकडे गेली, एवढं मनात ठेवून पाहा. मागचं ताज 1903 चं.

मरीन ड्राइव्ह पुरी चालायला जाऊ नका, तीन किलोमीटरहून जास्त आहे. नरिमन पॉइंटकडून थोडं उत्तरेला येऊन कट्ट्यावर बसा, म्हणजे गिरगाव चौपाटीपर्यंतच्या दिव्यांची वळलेली ओळ समोर येते. कट्ट्यापलीकडच्या सिमेंटच्या चारपायी दगडांवर पाय ठेवायचा नाही. त्यांवर शेवाळ असतं आणि मधल्या फटीत माणूस अडकला की काढायला अग्निशमन दल लागतं. सायकलवर चहा विकणारे येतात, तो उकळता असतो, खुशाल घ्या. चौपाटीवर गेलात तर तव्यावरचं गरम खा. बर्फाचा गोळा, कापलेली फळं आणि पाणीपुरीचं पाणी नको. आईच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी असली की रात्री अकराची भूक भागते. पाणी मात्र आठवणीने प्या. आपल्याकडे घाम लगेच वाळतो, तिथे दमट हवेत अंगावरच राहतो आणि शरीरातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. त्यासाठी बाबांनी लघवीच्या भीतीने पाणी तोडायचं नाही. स्टेशन किंवा बसून जेवायचं हॉटेल दिसलं की लागली नसली तरी जाऊन यायचं, आणि सुट्टे पैसे वरच्या खिशात ठेवायचे.

परतताना एक गोष्ट हमखास चुकते. समुद्राला लागून असलेल्या बाजूची वाहनं चौपाटीकडे, म्हणजे उत्तरेला जातात. तिथे टॅक्सी थांबवलीत तर उलटा वळसा पडतो. सिग्नलला इमारतींच्या बाजूला या, वीर नरिमन रस्त्याने पाचेक मिनिटं सावकाश चालत चर्चगेट गाठा आणि स्टेशनबाहेरची टॅक्सी घ्या. बाराच्या आत निघालात तर वाढीव भाडंही पडत नाही. या फेरीत लोकल लागतच नाही, पण पुढे दादरला वगैरे जायचं ठरवलंत तर मध्यरात्रीनंतरच्या शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, साडेअकराची धरा.

लोकलचा एक नियम दोघांनी तोंडपाठ करा. गाडी मधल्या स्टेशनवर अर्धा मिनिटही धड थांबत नाही, त्यामुळे एक चढतो आणि एक खाली राहतो. जो खाली राहिला त्याने त्याच फलाटावर तीच पाटी असलेली पुढची गाडी घ्यायची. जो चढला त्याने लगेच पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच, उतरल्या जागी थांबायचं. परत फिरायचं नाही. दोघंही एकमेकांना शोधत उलटसुलट गेले की तास जातो. फलाटावर ‘एस’ दिसलं तर गाडी सगळीकडे थांबते, ‘एफ’ असेल तर मधली स्टेशनं सोडते. आईने रात्री एकटीने बायकांच्या डब्यात जाऊ नये, दोघं एकाच डब्यात बसा.

दादरचा फुलबाजार आईला पाहायचा असेल तर तो दुसऱ्या दिवशी पहाटे, रात्रीच्या फेरीला जोडून नको. पश्चिमेला, पुलाखाली, चारपासून झेंडू-शेवंतीचे ढीग लागतात. खाली पाला आणि पाणी असतं, घसरायला होतं, आणि डोक्यावर टोपली घेतलेली माणसं थांबत नाहीत. कडेने चाला. पाच वाजता पोचलात तरी खूप दिसेल. परतीची वंदे भारत दुपारी चारच्या सुमारास आहे, मधे झोप होते.

निघण्याआधी दोन कागद करा, एकेक दोघांच्या खिशात: नाव, गोळ्यांची नावं आणि वेळा, लॉजचा पत्ता, माझा नंबर. पैसे निम्मेनिम्मे वाटून घ्या, आधार कार्डं आपापल्याकडे ठेवा. ज्येष्ठांची 14567 ही हेल्पलाइन रात्री चालू नसते, अडचण आली तर 112 लावा, रेल्वेत 139.

तिकिटं साठ दिवस आधी उघडतात. तारीख ठरली की त्याच दिवशी कळवा, आणि बाबांच्या औषधांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवा. त्या दोन दिवसांच्या गोळ्यांच्या वेळा मी डॉक्टरांना विचारून लिहून देते.

तुमची,
लेक