माय, बाबांबद्दल थोडं

सॅन अँटोनिओ, ६ जुलै

प्रिय माय,
तुला अन् बाबांना नमस्कार. मी मजेत आहे. फोटोत बारीक दिसते म्हणालीस, पण जेवते वेळेवर. रात्रपाळीहून येताना सोबत असते, उगाच जीव टांगू नको. फोनवर बाबा बाजूलाच बसलेले असतात, म्हणून हे लिहून नागपूरच्या मैत्रिणीजवळ देते.

परवा ४ जुलैला इथला स्वातंत्र्यदिन झाला. रात्री दिवाळीसारखे फटाके. पण काही घरांसमोर पाटी रोवलेली असते: इथे लढाईवरून आलेला सैनिक राहतो, फटाके जपून फोडा. मला आधी समजेचना. सैनिक, अन् फटाक्याला भ्यायचा? मग कळलं, ऐन सणाचे फटाके त्याला एक वेळ चालतात, त्याच्या मनाची तयारी असते. अवचित फुटला की छाती धडधडते, घाम सुटतो, माणूस आडोसा शोधतो. म्हणून चांगले शेजारी आधी वेळ सांगून जातात. पाटी लावायची त्या घराला लाज वाटत नाही.

आमच्या वॉर्डात व्हिएतनामच्या लढाईतले एक आजोबा आहेत. ते युद्ध १९७५ मध्ये संपलं. आजोबा अजून दाराकडे तोंड करूनच जेवतात. कोणी खुर्ची फिरवली तर ताट तसंच राहतं. मला बाबाच दिसले. श्रीलंकेच्या लढाईवरून आल्यापासून पोळ्याच्या तोरणाखाली थांबत नाहीत, हे तूच सांगतेस.

याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनाला जडणारा आजार. तो असलेल्या जवळपास निम्म्या लोकांना सोबत डिप्रेशनही असतं. झोप उडणं, चिडणं दोन्हींत दिसतं, म्हणून एक सापडतो अन् दुसरा राहून जातो. बाबा रात्री ओरडून उठतात ते एक. पेरणी सोडून धुऱ्यावर नुसते बसतात, ‘माझ्यानं आता काय होते’ म्हणतात, ते दुसरं. त्याला स्वभाव म्हणू नको, माय. दोन्हींवर चालणाऱ्या गोळ्या आहेत, पण गुण यायला काही आठवडे लागतात, मधेच सोडायच्या नाहीत. समुपदेशकाजवळ ती घटना हळूहळू बोलून त्याहून जास्त फरक पडतो.

लोक वेडा म्हणतील म्हणतेस. म्हणू दे. बाबांचं ईसीएचएसचं, माजी सैनिकांच्या उपचाराचं कार्ड आहे ना, पॉलिक्लिनिकमधून मानसोपचाराच्या डॉक्टरकडे पाठवतात. त्याआधी १४४१६ वर टेलि-मानसला, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लाव, मराठीत बोलतात, रात्रीही. अन् फवारणीचं औषध घरात ठेवू नको, दादाकडे कुलपात ठेव. हे एवढं ऐकच.

सोनीच्या वरातीत फटाके नको, हे पाहुण्यांना आताच सांग. बाबांना मांडवात कडेला बसव. उठून गेले तर कोणी मागे लागू नका. १,५०,००० पाठवले आहेत. मंडप-जेवणाचं भागव, उरले की सोसायटीचं कर्ज भर, माझ्यासाठी सोनं घेऊन ठेवू नको. मोठीच्या आधी लहानीचं कसं, असं विचारतील. सांग, तिला घाई नाही. सुट्टीचा अर्ज टाकला आहे, अजून पक्कं नाही. मी नाही आले तरी सोनीचं काही कमी पडणार नाही. बाबांना दवाखान्यात नेशील त्या दिवशी मिस कॉल दे, इथे कितीही वाजले असू दे.

तुझी,
मनी