अंघोळीचं पाणी: गॅस की हीट पंप?

खानापूर

प्रिय दोस्ता,

स्लॅब झाला, वाचून बरं वाटलं. आता तुझ्या प्रश्नाकडे येतो.

विलायतेतल्या धाकट्याचं ऐकून तू गॅस बॉयलर म्हणतोयस, पण तिकडचा बॉयलर अख्खं घर तापवतो. तो काढून हीट पंप बसवला तर इंग्लंड-वेल्समध्ये ७,५०० पौंडांपर्यंत सरकारी मदत मिळते, ती त्यासाठी. आपल्याला घर कुठं तापवायचंय? सहा माणसांच्या अंघोळी झाल्या की झालं. म्हणजे आपला सवाल गॅस गीझर की हीट पंप, एवढाच.

साधा हिशोब सांगतो. सहा बादल्या म्हणजे १२० लिटर पाणी. ते २० अंशांवरून ४२ वर न्यायला साध्या करंटच्या गीझरला रोज तीन युनिटं लागतात. गॅसवर तेवढ्यालाच साधारण ३०० ग्रॅम जळतो, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर दीड महिन्यात संपला, आणि त्यात स्वयंपाक धरलेलाच नाही. हीट पंपाला सव्वा ते दीड युनिट पुरतं. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून पाण्यात घालतो; फ्रिजचंच काम उलटं. हवा जितकी उबदार तितकं त्याला सोपं. युरोपातल्या बर्फात त्याला करंट जास्त लागतो, आपल्याकडची डिसेंबरातली पहाट त्याला काहीच नाही.

सोलर तू विचारलं नाहीस, बरं केलंस. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस लागला की चार महिने ते नावालाच.

मात्र त्याच पावसात झाडं तारांवर पडतात आणि करंट जातो. हीट पंपाची टाकी चांगली असेल तर रात्री तापवलेलं पाणी सकाळपर्यंत गरम राहतं, पण दोन दिवस लाईट नसली तर तो काय करणार? तिथं गॅस गीझर जिंकतो, ठिणगीला त्याला सेल पुरतात. किमतीतही तो काही हजारांत येतो, हीट पंप त्याच्या कैक पट.

तरी मी गॅस घेऊ नको म्हणेन, आणि कारण पैशाचं नाही. तुझ्या नकाशात न्हाणीघराला एकच झरोका आहे, तोही हिवाळ्यात काकू कापडाचा बोळा घालून बंद करणार. गॅस गळला तर निदान वास येतो. अर्धवट जळून होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. माणूस अंघोळ करता करताच खाली बसतो. घ्यायचाच हट्ट असेल तर गीझर बाहेरच्या भिंतीवर लाव, आत फक्त पाण्याचा नळ.

माझं मत, हीट पंप घे, २०० लिटरचा, आणि लाईट नसलेल्या दिवसांसाठी परसात जुना बंब ठेव. लाकूडफाटा तुला कमी नाही. पंप बंद खोलीत नको, त्याला मोकळी हवा लागते. झोपायच्या खोलीला लागूनही नको, घरघर असते. टाकी न्हाणीघराच्या जवळ, नाहीतर लांबच्या पाइपातच पाणी निवतं. गरम पाण्याचे पाइप प्लास्टरच्या आधी टाकून घे. बोअरचं पाणी वापरणार असशील तर क्षार बसणार, दर वर्षी टाकी धुवायची तयारी ठेव.

आणि गृहज्योतीच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेच्या, भरवशावर बसू नको. त्या सवलतीत मागच्या वापराची सरासरी बघतात, नव्या मीटरला सरसकट २०० युनिटं फुकट मिळतील असं धरू नको.

मीटर सिंगल फेज घेतोस की थ्री फेज, तेवढं कळव. काकूंना नमस्कार, वहिनींना सांग की वास्तूला मी दोन दिवस आधीच येतोय.

तुझा,
जुना बाकमित्र