झीलट एकटा भारी नसतो रे

प्रिय संद्या,

परवा फोनवर तू म्हणालास की स्टारक्राफ्ट या कॉम्प्युटर गेममधल्या तीन जमातींत प्रोटॉसचं सैन्यच सगळ्यात तगडं, बाकीचे दोघं, टेरन आणि झर्ग, किस झाड की पत्ती. तेव्हा घाईत नीट उत्तर देता आलं नाही पण डोक्यात तेच घोळतंय म्हणून लिहायला बसलोय. मी १९९८ च्या ब्रूड वॉरबद्दल, म्हणजे पहिल्या स्टारक्राफ्टच्या पुरवणीबद्दल, बोलतोय हं, स्टारक्राफ्ट टूचे आकडे वेगळेत.

एकास एक लढवलं तर झीलट, म्हणजे प्रोटॉसचा साधा पायदळ सैनिक, जिंकणारच, पण तो १०० मिनरलचा (गेममधला पैसा) आहे. तेवढ्यात टेरनचे दोन मरीन येतात आणि झर्गचे चार झर्गलिंग, आणि तिघांचाही सप्लाय (सैन्याच्या मर्यादेतली जागा) बरोब्बर दोनच लागतो. आता बघ, झीलटचे शील्ड (वरचं कवच) धरून १६० हिटपॉइंट, म्हणजे मरेपर्यंत सोसायची ताकद, चार झर्गलिंगचे मिळून १४० आणि दोन मरीनचे मिळून फक्त ८०. मरीन कागदावर बिचारा वाटतो पण तो लांबून मारतो, मागे जखमा भरणारी मेडिक असते, आणि त्याच्याही मागे लांब पल्ल्याचा सीज टँक उभा राहिला की जवळ पोचेपर्यंतच अर्धी फौज संपते.

मला सगळ्यात जास्त आवडणारा हिशोब झीलट आणि झर्गलिंगचा. झीलट एका वेळी ८ चे दोन वार करतो म्हणजे १६, आणि झर्गलिंगचे हिटपॉइंट ३५. दोन हल्ल्यांत ३२ गेले, तीन उरले, त्या तीनसाठी त्याला तिसरा हल्ला करावा लागतो आणि तेवढ्यात बाकीचे त्याला चावत असतात. फोर्ज या प्रोटॉसच्या इमारतीत पहिलं वेपन अपग्रेड झालं की ९ चे दोन वार, दोन हल्ल्यांत ३६, झर्गलिंग खल्लास. मग झर्गने आर्मरचं अपग्रेड केलं की प्रत्येक वारातला एक कापला जातो आणि परत तीन हल्ले! म्हणजे तोच झीलट, तेच झर्गलिंग, पण कोण भारी हे त्या मिनिटाला कोणाचं अपग्रेड झालंय यावर ठरतं.

आणि झर्गची खरी ताकद मला लार्व्हात, म्हणजे अळ्यांत, दिसते. हॅचरी या झर्गच्या मुख्य इमारतीखाली एका वेळी जास्तीत जास्त तीनच साठतात, कामकरी ड्रोन पण त्यातूनच आणि सैन्य पण त्यातूनच, म्हणजे झर्गलिंगची प्रत्येक जोडी हा न काढलेला ड्रोन असतो. पण स्पायर ही इमारत उभी राहिली की त्याच हॅचरीतून एकदम उडणारे म्युटालिस्क निघतात, टेरनला त्यासाठी वेगळे कारखाने बांधावे लागतात.

तुझ्या प्रोटॉसची बाजू घ्यायची तर २००७ ची एमएसएल या कोरियातल्या स्पर्धेची फायनल बघ. प्रोटॉसला झर्ग जड जातो असं सगळे धरून चालायचे, आणि कोरियाच्या बिसूने त्यावेळच्या सगळ्यात मोठ्या झर्ग खेळाडूला, सेव्हियरला, ३-० ने हरवलं. कोरसेअर विमानांनी झर्गचे उडते ओव्हरलॉर्ड मारायचे, ते गेले की झर्गच्या सैन्याला प्रोटॉसचा अदृश्य डार्क टेम्प्लर दिसतच नाही, शिवाय सप्लायही तुटतो. नुसत्या ताकदीने नाही रे जिंकला तो, समोरच्याचे डोळे काढून घेतले त्याने.

मूळ गेम २०१७ पासून फुकट आहे, उतरवून ठेव. शनिवारी रात्री बसू, तू प्रोटॉस घे आणि पहिला फोर्ज बांध, मी आर्मर करतो.

तुझा,
मन्या