केबल बदलून झाली, आता बोर्ड बदला

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ईएसपी३२ डेव्हलपमेंट बोर्डवर कोड अपलोड न होणे, संपूर्ण लॉट बदलून मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या ईएसपी३२ (वाय-फाय असलेली मायक्रोकंट्रोलर चिप) बोर्डांबद्दलची माझी आधीची तक्रार ‘केबल बदला, ड्रायव्हर पुन्हा टाका, आमच्याकडे बोर्ड चालतो’ एवढं उत्तर देऊन बंद करण्यात आली. ती पुन्हा उघडावी. ऑर्डर क्रमांक आणि फोटो सोबत जोडले आहेत.

अडचण अशी आहे. विंडोजवरून अपलोड दिलं की ‘कनेक्टिंग’पुढे ठिपके उमटत राहतात आणि शेवटी एस्पटूल (चिपमध्ये कोड भरणारं सॉफ्टवेअर) ‘राँग बूट मोड डिटेक्टेड’, म्हणजे चिप कोड घेण्याच्या स्थितीत नाही, म्हणून थांबतं. हा संदेश तुमच्या तंत्रज्ञांनी वाचला असता तर केबलचा विषय निघालाच नसता. रीसेटनंतर चिप सुरू होताना जी माहिती सिरियलवर पाठवते, ती वाचूनच एस्पटूल हे सांगतं. म्हणजे चिपकडचा मजकूर त्याच केबलमधून, त्याच ड्रायव्हरमधून संगणकापर्यंत नीट पोहोचतोय. नुसत्या चार्जिंगच्या केबलने कॉम पोर्टसुद्धा दिसला नसता. तरीही केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, बॉड रेट (सिरियलचा वेग) ११५२०० वर आणला, पिनांना जोडलेलं सगळं काढून बोर्ड मोकळा ठेवला. फरक शून्य.

बूटचं बटण दाबून धरलं आणि ईएन बटणाने रीसेट दिला, की मात्र पहिल्या फटक्यात अपलोड होतं. एकदा नाही, दर वेळी, लॉटमधल्या प्रत्येक बोर्डवर. यावरून चिप, फ्लॅश आणि यूएसबी-सिरियल आयसी ठणठणीत आहेत हे उघड आहे. बिघडलंय ते फक्त आपोआप रीसेट होणं, आणि त्याचं कारण बोर्डवर डोळ्यांनी दिसतं. ईएन (चिप चालू-बंद करणाऱ्या) पिनपासून ग्राउंडला जाणाऱ्या कपॅसिटरची जागा छापलेली आहे, पॅड आहेत, कपॅसिटर नाही. फोटोत तिथे गोल केला आहे.

हा कपॅसिटर शोभेचा नाही. संगणकाकडून येणाऱ्या डीटीआर आणि आरटीएस या दोन सिग्नलांवरून दोन ट्रान्झिस्टर ईएन आणि जीपीआयओ० (बूट बटणाची पिन) खाली ओढतात. चिप डाउनलोड मोडमध्ये, म्हणजे नवा कोड घेण्याच्या स्थितीत, जायला ईएनचा व्होल्टेज वर येताना जीपीआयओ०चा खाली असावा लागतो. विंडोजवर हे दोन सिग्नल एकामागून एक बदलतात. मधल्या क्षणी दोन्ही सक्रिय असतात, तेव्हा दोन्ही ट्रान्झिस्टर बंद पडतात आणि दोन्ही पिना वर जातात. ईएनवर कपॅसिटर असेल तर ईएनचा व्होल्टेज हळू चढतो आणि तेवढ्यात जीपीआयओ० खाली येतो. कपॅसिटर नसेल तर चिप त्या क्षणीच जागी होते आणि सरळ जुना प्रोग्रॅम चालवायला लागते. चिपच्या उत्पादकाच्या हार्डवेअर मार्गदर्शिकेत ईएनसाठी १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड सुचवलेलं आहे, म्हणजे साधारण १० मिलिसेकंदांची उसंत. तुमच्या बोर्डवर ती उसंतच नाही.

खात्री म्हणून ईएन आणि ग्राउंडमध्ये बाहेरून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. बटणाला हात न लावता अपलोड झालं. काढला, पुन्हा तीच रडकथा.

आता ‘आमच्याकडे चालतो’ याबद्दल. तुमचं टेस्टिंग लिनक्सवर होत असावं असा माझा अंदाज आहे. तिथे नवं एस्पटूल दोन्ही सिग्नल एकदमच बदलू शकतं, त्यामुळे कपॅसिटर नसलेला बोर्डही पास होऊन जातो. मीही लिनक्सवर जोडून पाहिला, चालला. पण उत्पादनाच्या पानावर ‘बटण न दाबता प्रोग्रॅमिंग’ असं लिहिलंय, ‘फक्त लिनक्सवर’ असं लिहिलेलं नाही.

बटण दाबून काम भागतंय ना, असं कृपया सुचवू नका. हे बोर्ड बंद खोक्यात बसवायचे आहेत, बटणापर्यंत बोट पोहोचत नाही. आणि प्रत्येक बोर्डवर मी स्वतः कपॅसिटर डकवत बसावं, यासाठी तयार बोर्ड विकत घेतलेला नाही.

माझ्या मागण्या : हा पूर्ण लॉट ईएनवर कपॅसिटर असलेल्या बोर्डांनी बदलून द्यावा, किंवा वाहतूक खर्चासह सगळे पैसे परत करावेत. बोर्डचा स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा) उत्पादनाच्या पानावर टाकावा. मागूनही तो मला मिळालेला नाही. आणि बदली बोर्ड पाठवण्याआधी ते विंडोजवर, बटण न दाबता तपासावेत.

या पत्राला उत्तर तुमच्या हार्डवेअर विभागाकडून यावं. ठरावीक साच्यातलं उत्तर आलं, तर मी ग्राहक तक्रार निवारणाचा मार्ग धरेन. बोर्ड परत पाठवायला पॅक करून ठेवले आहेत, पिकअपची वेळ कळवावी.

कळावे,
आपला एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, बोर्डांचे फोटो, विंडोज आणि लिनक्सवरील अपलोडचे लॉग