नामिबिया-बोट्सवानाच्या बेताला हातभार लावणाऱ्यांचे आभार

आमचा स्वतः गाडी चालवत फिरण्याचा कच्चा आराखडा ज्यांनी सवडीने वाचून लाल शाईने रंगवला, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं छापायची नाहीत ही तुमचीच ताकीद, म्हणून छापत नाही.

विंडहुकच्या काकू, खडीच्या रस्त्यावर ताशी 80 च्या वर जायचं नाही, हे तुम्ही इतक्यांदा बजावलंत की आता चिरंजीवही मला तेच ऐकवतात. नामिबियातल्या सॉलिटेअर या छोट्या वस्तीवर टाकी अर्धी असली तरी भरून घ्यायची, हेही पाठ झालंय.

जोहान्सबर्गच्या दादांनी तर व्हिडिओ कॉलवर टायरपाशी उकिडवं बसून हवा कशी सोडायची ते दाखवलं. डेडव्लेई या नामिबियातल्या वाळवंटी खोलगट भागाच्या अलीकडचे शेवटचे पाचेक किलोमीटर निव्वळ वाळू. तिथे शिरण्याआधी प्रेशर उतरवायचं, डांबर लागलं की कॉम्प्रेसरने परत भरायचं. आणि व्हॉल्व्हची टोपी खिशात, वाळूवर नाही!

बोट्सवानातल्या मौन गावच्या ताईंनी सांगितलं की ओकावांगो नदीचा पूर तिथे पाऊस सरल्यावर, जून ते ऑगस्टमध्ये येतो. अंगोलातून उतरायला पाण्याला महिने लागतात. मोरेमी अभयारण्याचा बेत त्याप्रमाणे हलवला. गुरांचा रोग पसरू नये म्हणून घातलेल्या कुंपणाच्या नाक्यावर कच्चं मांस काढून घेतात, ही माहितीही त्यांचीच. सोबतच्या मटणप्रेमी मेहुण्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

सीमेवर लागणारं गाडीमालकाचं परवानगीपत्र मागून ठेवलंय. भाकरीचं पीठ कुणी घ्यायचं, यावर मात्र अजून वाद चालू आहे.